ओढायचा सूर, फुंकायचा सूर

दुसऱ्या भोकाने माझा जीव खाल्ला होता. माउथ ऑर्गनला दहा भोकं असतात. प्रत्येकात फुंकलं की एक सूर निघतो आणि हवा आत ओढली की दुसरा. बाकीच्या नऊ भोकांशी माझं बरं चाललं होतं. दुसऱ्यात ओढलं की मात्र बेडूक पायाखाली आल्यासारखा आवाज यायचा आणि मग बाजा गप्पच. आणि ब्लूज नावाचं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं, जे काही मला वाजवायचं होतं, त्याचा सगळा जीव नेमका त्याच भोकात, त्याच ओढण्यात. तिथला सूर नुसता काढून भागत नाही, तो वाकवावा लागतो. रडताना माणसाचा आवाज खाली घसरतो तसा घसरवावा लागतो. ज्याला हे जमत नाही त्याने या वाटेला जाऊ नये, असं मला शिकवणाऱ्या सुभेदारांचं मत होतं. ते मत ते दर शनिवारी मला तोंडावर सांगायचे.

मी रहिमतपूरजवळच्या एका वीज उपकेंद्रात ऑपरेटर आहे. पाळी कुठलीही असो, ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात गुणगुणत असतो. नवीन माणसाचं त्याने डोकं उठतं. मी एकदा जेवणाच्या सुट्टीत त्या आवाजाशी बाजा लावून बघितला, तर तो पेटीवरच्या पांढरी पाचला भरला, किंचित चढा. माझा बाजा पांढरी एकचा, आणि पांढरी एकच्या बाजावर ब्लूज वाजवणारे सा धरतात तो पांढरी पाचलाच. म्हणजे पगाराबरोबर मला तंबोराही मिळाला होता. माझ्या सोबतच्या लाइनमनला याचं काडीचं कौतुक नव्हतं. "सायेब, लग्नातलं काय तरी वाजवा की," तो म्हणायचा, "ह्ये आयकून भूक मरती."

सुभेदार सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले. शिलाँगला पोस्टिंग असताना तिथल्या पोरांच्यात बसून ब्लूज शिकले आणि गावी येऊन शेतात आलं लावायला लागले. मी त्यांच्या अंगणात आल्याच्या पोत्यांना टेकून बसायचो. ते ऐकायचे आणि वैतागायचे.

"गड्या, तू ओढतोस कशाला? लढाई हाय का? पी त्याला. गळा मोकळा सोड, जीभ माघारी घे, आन पी."

मी प्यायचो. बेडूक.

बाकी गोष्टी त्यांनी मला नीट शिकवल्या, हे कबूल करायला पाहिजे. पायाने ठेका धरायचा आणि तो कुठल्याही परिस्थितीत सोडायचा नाही. भरमसाट सूर ओतायचे नाहीत, जागा सोडायची. ब्लूजचं एक आवर्तन म्हणजे बारा खोल्यांचं घर, असं ते सांगत. आपण कुठल्या खोलीत उभे आहोत ते डोळे मिटून कळलं पाहिजे, आणि बाराव्या खोलीत आलास की सामान खाली ठेव. शेवटचा सूर दुसऱ्या भोकात ओढूनच घ्यायचा. "ओढून घेतला की वजन येतंय," ते म्हणायचे. माझ्या शेवटाला वजन सोडा, आवाजच नसायचा.

रविवारी सुट्टी असली की मी पॅसेंजरने माधवनगरला जायचो. तिथे आई आणि आण्णा राहायचे. आण्णा म्हणजे माझे वडील. उमेदीची वर्षं गिरणीत मागावर गेली, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागाच्या शेडमध्ये. विडीला कधी शिवले नाहीत, तंबाखूचं बोट दाताला लावलं नाही. तरी नवा डॉक्टर आला की पहिला प्रश्न तोच विचारायचा, आणि आण्णा भडकायचे. भडकले की दम लागायचा, आणि डॉक्टरला वाटायचं, म्हातारा खोटं बोलतोय म्हणून चिडलाय.

त्यांच्या छातीत हवा जायची, पण बाहेर यायची नाही. आत अडकून बसायची. लोकांना वाटतं, दमेकऱ्याला श्वास घेता येत नाही. आण्णांना सोडता येत नव्हता, आणि जुना सुटल्याशिवाय नव्याला जागा कुठून होणार? कॉटजवळ ऑक्सिजनचं मशीन चोवीस तास चालू असायचं आणि नाकात नळी. मशीनचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला नको ते सुचलं. तोही पांढरी पाचच होता.

आण्णांनी या आजारात पुष्कळ गोष्टी सोडून दिल्या. चालणं गेलं, जिना गेला, भजन गेलं, त्यांनी कशाची तक्रार केली नाही. एकाच गोष्टीवर ते अडून बसले होते. चहा. त्यांना तो उकळता लागायचा आणि बशीत ओतून फुंकून प्यायची जन्माची सवय. आता फुंकर निघत नव्हती. आई बशी आपल्या तोंडासमोर धरायची, फुंकर घालायची आणि मग त्यांच्या हातात द्यायची. ती फुंकत असेपर्यंत आण्णा खिडकीबाहेर बघायचे. मला ते बघवायचं नाही. उभ्या आयुष्यात कुणाचं मिंधं न राहिलेला माणूस रोज दोन वेळा खिडकीबाहेर बघत होता.

"बाकी काय बी नगं," ते एकदा मला म्हणाले. शब्द तोडून तोडून बोलावं लागायचं त्यांना. "आपला च्या. आपून फुकून. प्यायचा. येवढं झालं की बास."

सांगलीहून एक फिजिओथेरपिस्ट मुलगी व्यायाम शिकवायला घरी यायची. ओठ आवळून हळूहळू, लांबवर श्वास सोडायचा, असं ती त्यांच्याकडून करून घ्यायची. माझ्या खिशातला बाजा बघून ती म्हणाली, "अहो, हा द्या की त्यांना. फुंकायला कारण मिळतं. कंटाळा येत नाही." मला इतका आनंद झाला की मी त्याच आठवड्यात त्यांच्यासाठी वेगळा बाजा घेतला, माझ्यासारखाच, पांढरी एकचा.

तो रविवार मला नीट आठवतो. जेवणं झाली होती. आई आत भांडी घासत होती. मी आण्णांच्या पाठीशी उशा लावल्या आणि बाजा त्यांच्या हातात दिला.

"आण्णा, हितं तोंड लावायचं आन फुकायचं. हळूहळू."

त्यांनी तो उलटापालटा केला. नखाने एक भोक तपासलं. मग डावीकडच्या बाजूला ओठ लावले, डोळे बारीक केले, आणि फुंकण्याऐवजी आत ओढलं.

जो सूर निघाला त्याने माझ्या अंगावर काटा आला. दुसरं भोक. आणि सूर सरळ नव्हता, निघतानाच वाकलेला होता. जाड, ओला, वरून खाली घसरत गेलेला. जो मला इतके महिने मिळाला नव्हता, तो. आई भांडं हातात घेऊनच दारात आली. तिला वाटलं, आण्णा कण्हले.

आण्णांनी बाजा खाली घेतला, मान बाजूला वळवली आणि थू करून थुंकले. थुंकी नव्हतीच तोंडात. नुसती थुंकायची हालचाल. मग मनगटाने ओठ पुसले.

"आण्णा, ह्ये कसं केलं तुमी?"

"काय केलं? सूत ओढलं."

मला कळेना. त्यांनी आईला खूण केली. तिने फळीवरून त्यांचा जुना धोटा काढून दिला. मागावर इकडून तिकडे पळणारा लाकडी धोटा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात सुताची कांडी बसवायची खाच आणि कडेला एक बारीक भोक. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिचं सूत त्या भोकातून बाहेर काढायचं. सुई-दोऱ्यासारखं ओवत बसायला मागावर वेळ नसतो. भोकाला तोंड लावायचं आणि एक झटका आत ओढायचा. सूत सुळ्ळकन तोंडात येतं, आणि सुताबरोबर कापसाची कूस, बारीक तंतू. ती थुंकायची. जी थुंकली जात नाही ती आत जाते. कांडी किती वेळ पुरते? जरा वेळ. मग पुन्हा. दिवसभर, शेजारपाजारच्या सगळ्या मागांवर, आणि पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड.

आण्णांनी धोटा ओठांना लावून दाखवला. गाल आत गेले, गळ्याची गाठ खाली उतरली, जीभ माघारी सरकली. सुभेदार बोंबलून बोंबलून सांगत होते तेच सगळं एका क्षणात त्यांच्या तोंडात घडलं. मग त्यांनी धोटा बाजाशेजारी चादरीवर ठेवला आणि दोन्हीकडे बघत बसले.

"भोक दिसलं की. तोंड आपसूक. ओढतंय," ते म्हणाले. दम घेतला. "ह्याच ओढण्यानं. खाल्लं मला. आन तू. हौसंनं शिकतूयास व्हय?"

आई म्हणाली, "आवं, त्यो गान्यासाटी शिकतोय," आणि आत गेली. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून बाजा न घेता नुसतं तोंडाने तसं ओढून बघत होतो. समोरची बाई माझ्याकडे बघून पोराला जवळ घेऊन बसली.

पुढच्या शनिवारी आल्याच्या पोत्यांना टेकून मी दुसऱ्या भोकात ओढलं आणि सूर आला. वाकला. सुभेदार खुर्चीतून पुढे झुकले.

"पुन्हा काड."

मी पुन्हा काढला.

"कुणाकडनं शिकलास?"

"वडलांकडून."

"वाजवत्यात?"

"माग चालवायचे."

त्यांनी धोटा वगैरे ऐकून घेतलं, पोत्यावर चढलेल्या कोंबडीला हुसकावलं आणि म्हणाले, "भारी हाय. आता येवढंच वाजवत बसू नको म्हंजी झालं."

त्यानंतर माझी गाडी पळायला लागली. एकदा तो सूर हाताला लागल्यावर बाकीचं आपोआप उलगडत गेलं: तो अर्धाच वाकवून थांबवणं, गळ्यातून हलवणं, जिभेने शेजारची भोकं झाकून खालचा ठेका आणि वरची ओळ एकत्र घेणं. ट्रान्सफॉर्मरचा सूर मागे धरून मी बारा खोल्या फिरायला लागलो. लाइनमन एकदा डबा बंद करून ऐकत बसला आणि म्हणाला, "ह्ये बरं हाय. पर कोण मेलंय का?" मी खूश झालो. आता खरं सांगायचं तर तो आनंद मला पुरता कधी भोगता आला नाही. माझं वाजवणं सुधारत होतं आणि आण्णांचा श्वास बिघडत होता. आणि मी जेव्हा जेव्हा चांगला वाजवायचो, तेव्हा तोंड त्यांचं असायचं.

मग मला एक गोष्ट सुचली. माझ्या बाजावर दुसऱ्या भोकात ओढून जो सूर निघतो, नेमका तोच सूर तिसऱ्या भोकात फुंकून निघतो. सूर एकच. एक आत, एक बाहेर. ब्लूजवाले ओढायचाच वापरतात, कारण तो वाकतो, त्याला वजन असतं. फुंकायचा साधा, सरळ, त्याला कुणी विचारत नाही. मी ऑफिसच्या मार्करने आण्णांच्या बाजावर तिसऱ्या भोकाच्या वर काळा ठिपका दिला.

"आण्णा, तुमी त्या दिवशी काडला त्योच सूर हितं हाय. पर ह्यो फुकल्यावरच मिळतोय. बशीतला च्या निवंल येवढा वेळ धरायचा."

चहाचं नाव काढल्यावर त्यांनी बाजा हातात घेतला.

सूर लागायचा. बाजाला सूर लागायला हवा फार लागत नाही. पण लागला की तुटायचा. टिचकी वाजावी तेवढाच. आणि खरी अडचण वेगळीच होती: फुंकता फुंकता तोंड मध्येच उलटायचं आणि ओढायला लागायचं. सरळ सूर निघे-निघेपर्यंत शेजारून तो कण्हणारा सूर यायचा. आण्णा मग बाजा बाजूला घ्यायचे, मान वळवून थुंकायचे आणि ओठ पुसायचे. प्रत्येक वेळी. एकदा त्यांनी तो भिंतीवर फेकून मारला. मी उचलला नाही, आईनेही उचलला नाही. पुढच्या रविवारी गेलो तर तो त्यांच्या उशाखाली होता, कोपरा चेपलेला, ठिपका तसाच. आई म्हणाली, "कालपास्नं दोन येळा फुकला. मी बगत नव्हते असं दाखवलं."

पावसाळ्यानंतर एका दुपारी त्यांनी आईच्या हातातून बशी स्वतःकडे घेतली. ओठ आवळले. मला दिसलं, बशीतल्या चहावर बारीक लाट उठली. त्यांनी पुन्हा फुंकलं, पुन्हा लाट. मी श्वास रोखून बघत होतो. पायाने नकळत ठेका धरला होता. मग त्यांनी बशी ओठांना लावली, एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. चहा कोमटच होता. आईने आतूनच निववून आणला होता, की फुंकर पुरली नाही तरी तोंड भाजू नये.

"मला येडा. समजतीस व्हय गं?"

आण्णांनी बशी खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. त्या दिवसानंतर त्यांनी चहा मागितला नाही. मला आईचा राग आला, इतका की मी न जेवता स्टेशनला गेलो. गाडीत बसल्यावर कळलं की तिने दुसरं काहीही केलं असतं तरी मला राग आलाच असता. बाजा मात्र उशाखालीच राहिला.

ऊसतोड सुरू झाली त्या दिवसांत आईचा फोन आला. मी पाळी दुसऱ्याच्या गळ्यात मारून निघालो. पोहोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. डॉक्टर येऊन गेले होते. दवाखान्यात न्यायचं नाही, हे आण्णांनी आधीच निक्षून सांगितलेलं, आणि आता सांगण्यासारखं त्यांच्यात काही उरलं नव्हतं. ते बसून होते, पुढे उशीवर रेललेले. खांदे वर जायचे, मान ताणायची, हवा आत. पुन्हा आत. बाहेर काहीच येताना दिसत नव्हतं. नुसतं ओढणं चाललं होतं. त्या खोलीत माझा बाप दुसऱ्या भोकात ओढत बसला होता, असंच मला वाटलं, आणि त्या विचाराची मला किळस आली.

आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "सोडा," ती म्हणाली. "आवं, सोडा. हळू. व्हट आवळून." फिजिओथेरपिस्टचे शब्द तिला पाठ होते.

मशीन गुणगुणत होतं. आण्णांनी एक ओढला, लहानसा. आणि मग सोडला.

तो बाहेर येत राहिला. त्यांच्या ओठांतून, घाई न करता, कुठेही न तुटता. तिसऱ्या भोकात त्यांनी कधी एवढा लांब फुंकला नव्हता. एवढ्या वेळात बशीतला चहा निवला असता. माझा पाय फरशीवर ठेका धरत होता आणि मी त्याला थांबवू शकत नव्हतो. मग सुस्कारा संपला. मी वाट बघत राहिलो की तोंड आता आपसूक ओढेल, जन्मभर ओढलं तसं. ओढलं नाही.

मला आधी रडू आलं नाही. संताप आला. एवढा श्वास होता तर गेले सहा महिने कुठे लपवला होता, असं ओरडावंसं वाटलं. मी उठलो आणि मशीनचं बटण बंद केलं. हात विजेच्या माणसाचा, काम संपलं की बटण बंद. खोलीत एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या ट्रॅक्टरवरचा माणूस कुणाला तरी हाक मारतोय ते स्वच्छ ऐकू आलं.

"ऱ्हाऊ दे रं," आई म्हणाली. तिचा हात अजून त्यांच्या पाठीवरच होता. "ऱ्हाऊ दे जरा चालू."

मी पुन्हा चालू केलं. माणसं जमेपर्यंत ते चालू राहिलं. नळी उशीवर पडून होती आणि तिच्यातून हवा येत होती.

महिना-दीड महिन्याने मी सुभेदारांकडे गेलो. त्यांनी हातात चहाचा कप दिला, खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढूनही घेतला. मी खिशातून बाजा काढला. आण्णांचा, चेपलेल्या कोपऱ्याचा. दोन आवर्तनं वाजवली. सूर वाकले, जागा सुटल्या, कुठल्या खोलीत आहे ते कळत होतं. बाराव्या खोलीत आलो आणि शेवटचा सूर तिसऱ्या भोकात फुंकला.

"शेवट वडून घे की," सुभेदार म्हणाले. "किती डाव सांगितलंय. फुकून हलका हुतोय."

"व्हय," मी म्हणालो.

पुन्हा वाजवलं. पुन्हा काळ्या ठिपक्यापाशी आलो आणि फुंकलं, साधं, सरळ, छातीत होतं नव्हतं तेवढं सगळं बाहेर जाईपर्यंत. सूर बारीक होत गेला आणि थांबला. बाजा तोंडालाच होता. मी लगेच आत ओढलं नाही.